बागेतला शॉक देणारा खांब, उघडं चेंबर, फाटकी घसरगुंडी: तक्रार कुणाकडे आणि कशी लिहायची

ताई, तुमचा प्रश्न सगळा वाचला. कॉलनीच्या बागेत दिव्याच्या लोखंडी खांबाला पाऊस पडला की झिणझिण्या येतात, गेटसमोरच्या चेंबरचं झाकण गायब आहे, घसरगुंडीचा पत्रा फाटून वर आलाय. ॲपवर तक्रार टाकली की दोन दिवसांत "निराकरण झाले" असा मेसेज येतो पण जागेवर काहीच झालेलं नसतं, आणि क्षेत्रीय कार्यालयात गेलात तर "ही बाग आमची नाही, ले-आउटची ओपन स्पेस आहे" (म्हणजे कॉलनीच्या मंजूर नकाशातली मोकळी जागा) सांगून परत पाठवतात. मी महापालिकेत जेई (कनिष्ठ अभियंता) म्हणून लागलो आणि उपअभियंता म्हणून रिटायर झालो, बहुतेक काळ ड्रेनेज आणि स्थापत्यमध्ये. असे अर्ज टेबलाच्या पलीकडे बसून वाचलेत, त्यामुळे अर्ज आत गेल्यावर त्याचं काय होतं ते मला माहितीये, ते तुम्हाला कळलं तर अर्ज कसा लिहायचा ते आपोआप कळेल.

सगळ्यात महत्त्वाचं आधी सांगतो. "दुरुस्ती करावी" एवढंच लिहू नका. मागण्या दोन असतात आणि त्या वेगळ्या लिहायच्या. पहिली, धोका आज बंद करा. दुसरी, कायमची दुरुस्ती करा. दुरुस्ती म्हटलं की जेई स्थळपाहणी करणार, इस्टिमेट बनवणार, वरून तांत्रिक मान्यता घेणार, लेखाशीर्षावर (बजेटच्या त्या खात्यावर) पैसे शिल्लक आहेत का बघणार, नसतील तर वर्गीकरणाचा, म्हणजे दुसऱ्या खात्यातले पैसे इकडे वळवायचा प्रस्ताव, मग टेंडर, मग वर्क ऑर्डर. यात महिने जातात आणि दर वेळी कुणी मुद्दाम करतं असं नाही, पद्धतच तशी आहे. पण धोका बंद करायला यातलं काही लागत नाही. खांबाचा सप्लाय तोडायला एक वायरमन पुरतो, चेंबरभोवती बॅरिकेड लावायला मुकादम आणि दोन बिगारी, घसरगुंडी उचलून गोडाऊनला न्यायला एक टेम्पो. हे सगळं प्रभागाकडे रोज असतंच, शिवाय किरकोळ कामांसाठी वार्षिक दर करारावरचा ठेकेदारही असतो. खरंच मोठं काही असेल, म्हणजे भिंत पडायला आलीये किंवा नाला खचलाय, तर महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम १९४९ च्या कलम ६७(३)(क) मध्ये आयुक्तांना तातडीचे अधिकार आहेत, दरवर्षी पावसाळ्यात ते वापरले जातात. त्यामुळे "टेंडर झालं की बघू" हे उत्तर दुरुस्तीला ठीक आहे, धोका उघडा ठेवायला ठीक नाही. तुमच्या अर्जात दोन्ही मागण्या एकाच वाक्यात असतील तर अख्खा अर्ज संथ रस्त्याने जातो, म्हणून इतकं लांबण लावलं.

दुसरं, तीन गोष्टींचा एक अर्ज करू नका. खांब विद्युत विभागाचा, चेंबर ड्रेनेजचं किंवा आणखी कुणाचं, घसरगुंडी उद्यान विभागाची. एकत्र अर्ज आला की तो ज्या टेबलावर जातो तिथला माणूस आपला भाग बघतो आणि बाकीचं "संबंधित विभागाकडे वर्ग" असा शेरा मारून पुढे सरकवतो, आणि मूळ अर्ज कुठे आहे ते पुन्हा कुणालाच सापडत नाही. तीन विषय, तीन कागद, तीन आवक नंबर.

आता धोक्याच्या क्रमाने घेऊ. आधी खांब, कारण तो थांबणारा विषय नाही.

लोखंडी खांबाच्या बुडाशी कमरेएवढ्या उंचीवर एक छोटा जंक्शन बॉक्स असतो, त्याच्या आत केबल येते आणि तिथून वर दिव्याकडे वायर जाते. त्याचं झाकण चोरीला जातं किंवा गंजून पडतं, मग आतले जॉइंट नुसते टेपने गुंडाळलेले उघडे राहतात. पावसाचं पाणी शिरलं, किंवा आत घासून घासून वायरचं इन्सुलेशन गेलं, की फेज खांबाच्या लोखंडाला लागतो. अर्थिंग नीट असेल तर त्याच क्षणी फ्यूज उडतो आणि दिवा जातो, म्हणजे दिवा गेला एवढंच नुकसान. अर्थिंगची पट्टी तुटलेली असेल (ती तांब्याची असेल तर तीही चोरीला जाते) तर फ्यूज उडत नाही, दिवा छान चालू राहतो आणि खांब जिवंत राहतो. म्हणजे दिवा लागतोय याचा अर्थ खांब ठीक आहे असा होत नाही, लोकांचा गैरसमज इथेच होतो. काही ठिकाणी फीडर पिलरमध्ये (खांबांच्या ओळीला वीज देणारी पेटी) ईएलसीबी (करंट गळला की सप्लाय तोडणारा स्विच) असते, ती पावसात सारखी ट्रिप होते म्हणून लाइट जातात, लोक ओरडतात, मग कुणीतरी ती बायपास करून टाकतो. खरं तर ती ट्रिप होत होती तेव्हा आपलं काम करत होती.

झिणझिण्या येतात म्हणजे करंट आहेच, आज झिणझिण्या आहेत आणि उद्या ओल्या पायाने, अनवाणी, लहान मुलाने दोन्ही हातांनी खांब धरला तर काय होईल ते सांगायची गरज नाही. टेस्टर लावून बघत बसू नका. खांबाच्या आजूबाजूच्या ओल्या जमिनीतही व्होल्टेज येतं म्हणून चारपाच पावलं लांबच राहायचं, कुत्र्या-गायी आधी मरतात त्या यामुळेच. कोणाला चिकटलेलं दिसलं तर हाताने ओढू नका, आधी सप्लाय बंद. आजच्या आज प्रभागाच्या विद्युत विभागाला फोन करा आणि शब्द नेमके वापरा: "खांबाला करंट आहे, सप्लाय तोडा." "लाइटचा प्रॉब्लेम आहे" म्हणालात तर ती बल्ब बदलायच्या यादीत जाते. खांबावर रंगाने नंबर लिहिलेला असतो तो द्या, पुसला असेल तर शेजारच्या दोन खांबांचे द्या. महापालिकेचं कोणी उचलत नसेल तर महावितरणच्या १९१२ वर सांगा, साधारण मीटरपर्यंत महावितरण आणि मीटरच्या पुढे महापालिका अशी वाटणी असते पण धोका असताना ती वाटणी त्यांची त्यांना करू द्या. (मुंबईत भागाप्रमाणे बेस्ट, अदानी किंवा महावितरण असतं, तिथे खांबावरच कुणाचा ते लिहिलेलं असतं.) तेही नाही झालं तर ११२ किंवा अग्निशमनचा १०१.

फोन झाला की त्याच दिवशी लेखी. त्यात पहिली मागणी, सप्लाय तोडून जंक्शन बॉक्स बंद करा. दुसरी मागणी, या खांबाची आणि त्याच फीडरवरच्या बाकीच्या खांबांची मेगर टेस्ट (वायरचं इन्सुलेशन शाबूत आहे का ते मोजणारी) आणि अर्थिंग टेस्ट करून रीडिंग लेखी द्या. रीडिंग मागितलं की टेप गुंडाळून "काम झाले" लिहिता येत नाही, कारण आकडा लिहावा लागतो आणि आकड्याखाली सही लागते. या अर्जाची एक प्रत जिल्ह्याच्या विद्युत निरीक्षकांच्या कार्यालयाला द्या. हे कार्यालय राज्य सरकारचं असतं, महापालिकेचंही नाही आणि महावितरणचंही नाही, आणि विद्युत कायदा २००३ च्या कलम १६१ खाली विजेच्या अपघातांची चौकशी तेच करतात. अपघात व्हायच्या आधी त्यांच्याकडे कागद गेलेला आहे हे विद्युत विभागाला कळलं की कामाला वेग येतो, हे मी अनेकदा पाहिलंय.

आता चेंबर. लोक सरळ "ड्रेनेजचं झाकण नाही" लिहितात आणि ड्रेनेजवाला येऊन बघून "आमचं नाही" लिहून जातो, आणि खरंच नसतं. रस्त्यात ड्रेनेजचं असतं, पावसाळी गटाराचं असतं, पाण्याच्या व्हॉल्व्हचं असतं, टेलिफोन किंवा फायबर कंपनीचं असतं, वीज केबलचं असतं. ओळखायचं कसं तर लांबूनच आत बघा: काळं पाणी आणि वास म्हणजे मैला लाइन, कोरडं किंवा नुसती माती-पाला म्हणजे बहुतेक पावसाळी, केबलची वेटोळी म्हणजे कंपनीचं, चाकासारखं किंवा चौकोनी डोकं असलेला लोखंडी दांडा म्हणजे पाण्याचा व्हॉल्व्ह. मग त्याच लाइनीत पुढचं-मागचं झाकण शोधा, त्यावर बहुतेक वेळा अक्षरं ओतलेली असतात, त्याचा फोटो काढा. हा एक फोटो अर्जाला जोडलात तर "आमचं नाही" हे वाक्यच लिहिता येत नाही.

मापही द्या. फ्रेम शाबूत आहे का, गोल की चौकोनी, आतलं तोंड किती इंच. जेईला स्टोअरमधून झाकण मागवायला हेच लागतं, नाहीतर तो एकदा बघायला येतो, एकदा मापाला येतो आणि तिसऱ्यांदा चुकीचं झाकण घेऊन येतो. आणि गाडी जाते का त्यावरून, तेही लिहा. सिमेंटच्या झाकणांचे प्रकार असतात, एलडी (हलकं) २.५, एमडी (मध्यम) १०, एचडी (जड) २०, ईएचडी (अतिजड) ३५, तो आकडा साधारण किती टन भार पेलेल त्याचा. फुटपाथचं एलडी झाकण रस्त्यात टाकलं की पहिल्याच पाण्याच्या टँकरखाली फुटतं आणि आपण पुन्हा पहिल्या पायरीवर. लोखंडी बिडाची झाकणं भंगारात विकली जातात म्हणून चोरी होते, तुमच्याकडे तेच झालं असेल तर बदली झाकण सिमेंटचं किंवा फायबरचं मागा, आणि चोरीची तक्रार पोलिसात महापालिकेने करावी असंही लिहा, सहसा ती केलीच जात नाही.

झाकण येईपर्यंत काय करायचं? इथे एक कळकळीची विनंती. त्यावर प्लायवूड, पत्रा, फ्लेक्स असलं काही टाकू नका. भावना चांगली असते, पण उघडा खड्डा दिसतो, झाकलेला दिसत नाही, आणि माणूस बिनधास्त पाय टाकतो. उभं काहीतरी लावा, लांबून आणि रात्री दिसेल असं, ड्रम, बांबू, त्याला चमकणारी टेप. पाणी साचल्यावरही पाण्याच्या वर दिसलं पाहिजे इतकं उंच. मुलांचा चेंडू आत पडला तर कुणीही उतरायचं नाही, मोठ्यांनीही नाही, आतल्या गॅसने माणूस दोन श्वासांत खाली बसतो आणि त्याला काढायला उतरलेलाही जातो. आणि पाणी तुंबलं म्हणून रहिवाशांनी आपल्या हाताने झाकण उघडायचं नाही. २९ ऑगस्ट २०१७ च्या मुंबईतल्या पावसात बॉम्बे हॉस्पिटलचे डॉ. दीपक अमरापूरकर घरी चालत जाताना प्रभादेवी-एल्फिन्स्टन भागात मॅनहोलमध्ये पडले, मृतदेह वरळीला सापडला, ते झाकण पाणी उतरावं म्हणून काढलेलं होतं. त्यानंतर मुंबईत झाकणाखाली जाळ्या बसवायचा विषय हायकोर्टापर्यंत गेला. तुमच्या गेटसमोरचं चेंबर खोल असेल तर दुसऱ्या मागणीत झाकणाखाली संरक्षक जाळी पण मागा.

घसरगुंडीचं थोडक्यात सांगतो. तिची दुरुस्ती मागू नका, आधी ती काढून न्यायला सांगा. फाटलेला पत्रा ठोकून सपाट केला की चार दिवसांत परत उचकटतो, मुलाची मांडी फाडायला तेवढं पुरतं. झोपाळा असेल तर साखळीच्या वरच्या टोकाची कडी बघा, ती एका बाजूने झिजून बारीक झालेली असते आणि खालून दिसत नाही. खेळण्यांखाली काँक्रीट किंवा पेव्हर ब्लॉक असतील तर तेही लिहा, तिथे वाळू किंवा रबर मॅट पाहिजे, मुलं पडणारच असतात. आणि खेळण्यांजवळ एक पाटी असेल, अमुक निधीतून, अमुक साली, तिचा फोटो घ्या. ही पाटी पुढच्या मुद्द्याला लागते.

तो मुद्दा म्हणजे "बाग आमची नाही". हे उत्तर तुम्हाला टाळायला दिलं असेलही, पण त्यात थोडं तथ्य असू शकतं. ले-आउट मंजूर होताना साधारण १० टक्के ओपन स्पेस सोडावी लागते, ती बऱ्याच ठिकाणी कागदावर मूळ मालकाच्या, सोसायटीच्या किंवा प्लॉटधारकांच्याच नावावर राहते. पुढे कुठल्यातरी निधीतून तिथे बाग होते, ओपन जिम बसते, बसवणारी एजन्सी वेगळी, निधी वेगळा, उद्घाटन होतं, पण मालमत्ता महापालिकेच्या उद्यान विभागाकडे हस्तांतरित केल्याचा कागद कधी होतच नाही. हस्तांतरण नाही म्हणून देखभालीचं बजेट नाही, बजेट नाही म्हणून माळी नाही, वॉचमन नाही, आणि तुटलं की कुणाचंच नाही. महाराष्ट्रातल्या निम्म्याअधिक तुटक्या ओपन जिमच्या मागे हीच गोष्ट आहे असं माझं ठाम मत आहे, निधी देणाऱ्यांनी खरेदीबरोबर पाच वर्षांची देखभाल बांधून दिल्याशिवाय एकही खेळणं बसवू नये.

तुम्ही काय करायचं? नगररचना विभागाकडून मंजूर ले-आउटची प्रत आणि सिटी सर्व्हेतून प्रॉपर्टी कार्ड (नसेल तर सातबारा) काढा. जागा महापालिकेच्या नावावर निघाली तर विषय संपला. नाही निघाली तर विचारा की मग तिथे दिव्याचं वीजबिल कोण भरतं, झाडू कोण मारतं, खेळण्याचं बिल कुठून निघालं. ज्याने पैसे खर्च करून वस्तू बसवली आणि जी वस्तू लोक वापरतात तिच्या देखरेखीतून अंग काढता येत नाही. आणि खांब आणि चेंबर तर जागा कुणाचीही असो, त्या त्या यंत्रणेचे असतात, बागेच्या मालकीशी त्यांचा काही संबंध नाही, हे तुमच्या अर्जात पहिल्याच ओळीत लिहा.

जागा कुणाची यावरून चालढकल झाली की काय होतं ते घाटकोपरला दिसलं. १३ मे २०२४ ला छेडानगरचं होर्डिंग पेट्रोल पंपावर पडलं, १७ माणसं गेली. होर्डिंग १२० बाय १४० फुटांचं, महापालिकेची मर्यादा ४० बाय ४० ची, पण जागा रेल्वे पोलिसांच्या ताब्यातली म्हणून परवानगी कुणाची लागते यावरच पत्रव्यवहार. आणि नुसती पाटी लावून जबाबदारी संपत नाही हे १५ जून २०२५ ला मावळात कुंडमळ्याला दिसलं. इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल, धोकादायक म्हणून फलक होता, रविवारी गर्दी झाली, पूल पडला, चार जण गेले. धोकादायक गोष्ट खरोखर बंद करायची म्हणजे तिथे माणूस जाऊच शकणार नाही असा अडथळा लागतो. म्हणून तुमच्या अर्जात "सूचना फलक लावावा" असलं काही मागू नका, ते लगेच लावतील आणि फाइल बंद करतील.

आता कागदाचं. ॲपवरची तक्रार वाईट नाही पण ती ठेकेदाराच्या किंवा ऑपरेटरच्या पातळीला बंद होते, म्हणून जिवाच्या धोक्याच्या विषयाला ॲपवर थांबायचं नाही. कागद लिहायचा, दोन प्रती, आवक-जावकला द्यायचा, दुसऱ्या प्रतीवर शिक्का, आवक नंबर आणि तारीख घ्यायची. पोच देत नसतील तर रजिस्टर्ड पोस्टाने किंवा ईमेलने, पण सहाय्यक आयुक्त (काही ठिकाणी क्षेत्रीय अधिकारी म्हणतात) आणि संबंधित कार्यकारी अभियंता दोघांच्या नावे. नगरपालिका असेल तर मुख्याधिकारी, गाव असेल तर सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी, म्हणजे आपण ग्रामसेवक म्हणायचो ते. भाषा साधी. "तीव्र आंदोलन छेडू" वगैरे लिहू नका, त्याने फाइल अभियंत्याकडून काढून पोलिसांकडे आणि राजकारणाकडे जाते. मी असं लिहिलं असतं:

"विषय: अमुक बागेतील खांब क्र. अमुक यास विद्युत प्रवाह उतरत असल्याबाबत. दि. अमुक रोजी सायंकाळी अमुक वाजता पावसात खांबास हात लागून दोन मुलांना धक्का बसला. याच दिवशी आपल्या विद्युत विभागास दूरध्वनीने कळविले आहे. बागेत रोज लहान मुले खेळतात. तरी (१) सदर खांबाचा वीजपुरवठा आजच खंडित करून तसे लेखी कळवावे. (२) त्यानंतर खांबाची व फीडरची चाचणी करून अहवाल द्यावा. या धोक्याची माहिती आपणास या पत्राने देण्यात येत आहे."

शेवटची ओळ सगळ्यात जड आहे, ती काढू नका. आतल्या माणसाला तिचा अर्थ बरोबर कळतो. उद्या काही झालं तर "आम्हाला माहिती नव्हती" म्हणता येणार नाही, आणि ज्याच्या टेबलावर तो कागद पडून होता त्याचं नाव चौकशीत येणार. माझ्या अनुभवात चांगला जेईसुद्धा अशा कागदाची वाटच बघत असतो, कारण तो साहेबांपुढे ठेवून त्याला वायरमन, झाकण, गाडी मागता येते. म्हणून जेईला शत्रू समजू नका. त्याच्याकडे दोन-तीन प्रभाग असतात, गँगमधली निम्मी माणसं दुसरीकडे लावलेली असतात. कागद त्याच्या हातात द्या, त्याच्याशी नीट बोला, आणि तरी काम झालं नाही तरच वर जा.

तक्रार खोटी बंद झाली असेल तर माहिती अधिकार. अर्जावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा, उत्तर ३० दिवसांत. "कारवाई का केली नाही" असं विचारू नका, "का"चं उत्तर माहिती नाही म्हणून येतं. मागायचं काय, तर तक्रार क्रमांक अमुक बंद करताना जोडलेला फोटो, स्थळपाहणी अहवाल, बंद करणाऱ्याचं पदनाम. काम केलं म्हणत असतील तर वर्क ऑर्डरची आणि मोजमाप पुस्तिकेच्या त्या पानाची प्रत. या पुस्तिकेत (एमबी) काम नोंदलेलं असेल आणि जागेवर नसेल तर विषय तक्रारीचा राहत नाही, पैशाचा होतो, आणि मग सगळे हलतात. खेळणी किंवा रस्ता नवीन असेल तर दोषदायित्व कालावधी कधी संपतो ते विचारा, तो चालू असेल तर ठेकेदाराने फुकट दुरुस्त करायचं असतं आणि त्याची सुरक्षा ठेव महापालिकेकडे असते. बजेट नाही हे कारणच उरत नाही तिथे.

३० दिवस थांबायची गरज नसेल तर फाइल जाऊन बघा. २०१८ च्या शासन परिपत्रकाप्रमाणे दर सोमवारी दुपारी ३ ते ५ महापालिकांसारख्या कार्यालयांत नागरिकांना रेकॉर्ड बघू द्यायचं असतं. फार लोकांना माहीत नाही, तुम्ही जा, फाइल मागा, टिपणीचा भाग वाचा, आपला अर्ज नेमका कुणाच्या टेबलावर अडकलाय ते तिथे कळतं. लोकशाही दिनही असतो, महिन्याच्या पहिल्या सोमवारी, आयुक्त समोर बसतात, पण त्याला आधी १५ दिवस विहित नमुन्यात अर्ज द्यावा लागतो आणि विषय वैयक्तिक स्वरूपाचा लागतो. खांबाला उपयोगाचा नाही तो.

हे सगळं करूनही हलले नाहीत तर महापालिकेच्या बाहेरचा एक रस्ता आहे जो लोक वापरतच नाहीत. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १५२, म्हणजे जुन्या सीआरपीसीचं (फौजदारी प्रक्रिया संहितेचं) १३३. सार्वजनिक उपद्रव किंवा धोका दूर करण्याचा सशर्त आदेश प्रांत (उपविभागीय अधिकारी) किंवा कार्यकारी दंडाधिकारी देऊ शकतात, आणि तो नगरपालिकेलाही देता येतो. मध्य प्रदेशातल्या रतलामला लोकांनी तुंबलेल्या, उघड्या गटारांसाठी हेच कलम वापरलं, नगरपालिका पैसे नाहीत म्हणत सुप्रीम कोर्टापर्यंत गेली, आणि १९८० मध्ये कोर्टाने सांगितलं की पैसे नाहीत ही सबब कायद्याने दिलेल्या मूलभूत कर्तव्याला चालणार नाही. वकील न लावताही प्रांत ऑफिसला अर्ज देता येतो, सोबत तुमच्या पोच असलेल्या प्रती आणि तारखेचे फोटो जोडायचे.

देखरेखीची जबाबदारी किती जुनी आणि पक्की आहे ते पण लक्षात असू द्या, बोलताना कामी येतं. दिल्लीत चांदणी चौकातला घड्याळाचा मनोरा १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला कोसळला, माणसं मेली, सुप्रीम कोर्टाने १९६६ मध्ये महापालिकेला जबाबदार धरलं, दोष बाहेरून दिसत नव्हता हा बचाव मानला नाही, कारण इतक्या जुन्या इमारतीची वेळोवेळी तपासणी करणं हेच मालकाचं काम होतं. रस्त्याकडेच्या झाडाची फांदी पडून स्कूटरवरचा माणूस गेला त्या खटल्याच्या १९९९ च्या निकालातही तेच, झाडं तपासत राहणं ही महापालिकेची जबाबदारी. आणि आपल्याकडे ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई हायकोर्टाने खड्डे आणि उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाला तर वारसांना ६ लाख आणि जखमींना ५० हजार ते अडीच लाख भरपाई देण्याचा आदेश दिला, आणि ती रक्कम जबाबदार ठेकेदाराकडून आणि अधिकाऱ्यांकडून वसूल करायलाही सांगितलं. ज्यांच्या घरात आधीच कुणी पडून जखमी झालंय त्यांनी दवाखान्याचे कागद, जागेचे फोटो आणि पोलिसातली नोंद जपून ठेवा. दिवाणी दावा लावायचा असेल तर महापालिकेला आधी एक महिन्याची लेखी नोटीस द्यावी लागते आणि मुदत फक्त सहा महिन्यांची असते, ती कोणी सांगत नाही आणि निघून जाते, तेव्हा वकिलाला लवकर गाठा.

राहिली कायमची दुरुस्ती. ती तक्रारीतून होत नाही, बजेटमधून होते, आणि बजेट मार्चमध्ये मंजूर होत असलं तरी प्रभागाकडून मागण्या दिवाळीच्या आगेमागेच वर जायला लागतात. पुण्यात असाल तर नागरिकांनी अंदाजपत्रकात कामं सुचवायची सोय २००६ पासून आहे, फॉर्म साधारण ऑगस्ट-सप्टेंबरात घेतात, एका कामाला ५ लाखांपर्यंत, तुमचे दिवे आणि खेळणी त्यात आरामात बसतात. बाकी शहरांत प्रभाग समिती आणि नगरसेवक. नगरसेवकाकडे जाताना "बाग सुधारा" असं म्हणू नका, जेईकडून खर्चाचा ढोबळ अंदाज काढून घ्या, नऊ खांबांचं री-केबलिंग आणि अर्थिंग, खेळण्यांचा सेट, रबर फ्लोअरिंग, आणि लेखाशीर्ष कोणतं लागेल तेही त्यालाच विचारा. तयार आकडा घेऊन गेलेल्या माणसाचं काम यादीत चढतं. आणि त्याच वेळी बाग उद्यान विभागाकडे हस्तांतरित करून घ्यायचा ठराव मागा, सोसायटीकडून ना हरकत लागली तर आमसभेत आत्ताच करून ठेवा, त्याला वेळ लागतो.

आज संध्याकाळच्या आत खांबाचा फोन आणि अर्ज एवढं तरी करा, बाकी उद्या. चेंबरच्या पुढच्या-मागच्या झाकणांचे फोटो आणि खेळण्यांवरच्या पाटीचा फोटो इथे टाका, चेंबर कुणाचं ते बघून सांगतो आणि त्या दोन अर्जांचे मसुदेही लिहून देतो.